इटालियन शिकताय? मग इंग्रजीला मध्ये घालू नका

आपल्याकडे इटालियन शिकायची म्हटलं की सुरुवात इंग्रजीतूनच होते. अ‍ॅप इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, व्हिडिओत शिकवणाराही इंग्रजीत. परिणाम असा की इंग्रजी माणसाला जे अवघड जातं तेच आपणही अवघड समजून घोकत बसतो. विशेषणाचं रूप नामाप्रमाणे का बदलतं, ‘त’ आणि ‘ट’ वेगळे कसे, ‘आवडणे’ या क्रियापदाचा कर्ता कोण, यावर ही पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. मराठी माणसाला हे सगळं शाळेत जायच्या आधीच येत असतं. उलट आपल्याला जिथे खरोखर अडतं, म्हणजे उपपदं (इंग्रजीतल्या ‘द’सारखे नामाआधीचे शब्द), शब्दातला आघात आणि ‘व’चा उच्चार, तिथे ही पुस्तकं भराभर पुढे सरकतात.

म्हणून ही वाट मराठीतून आखली आहे. मिलान-तोरीनोला शिकायला जाणारे, नोकरीनिमित्त तिकडे राहिलेले किंवा नुसत्या हौसेने शिकणारे, सगळ्यांना सुरुवातीचे चार-सहा महिने ती पुरेल. एक सूचना आधीच देतो. इथे इटालियन शब्द देवनागरीत आहेत ते फक्त उच्चारासाठी. तुमच्या वहीत पहिल्या दिवसापासून इटालियन स्पेलिंगच लिहा, नाहीतर वाचनाच्या वेळी सगळं नव्याने शिकावं लागेल.

आधी कान आणि जीभ

पहिले दोन आठवडे व्याकरणाला हात लावू नका. इटालियन जशी लिहितात तशी वाचतात. एकदा नियम बसले की अर्थ न कळताही पान मोठ्याने वाचता येतं.

स्वरांपासून सुरुवात करा. इटालियनमध्ये आपला ‘अ’ नाहीच. ‘ए’ (a) हे रोमन अक्षर दिसलं की ‘आ’ म्हणायचं. दुसरं म्हणजे शब्दाचा शेवटचा स्वर कधीही खायचा नाही. मराठीत आपण ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो. ती सवय इथे घात करते, कारण इटालियनमध्ये लिंग आणि वचन त्या शेवटच्या स्वरातच असतं. ‘ग्रात्सिए’ (धन्यवाद) मधला ‘ए’ गिळून ‘ग्रात्सी’ म्हणणारे परदेशी लगेच ओळखू येतात.

व्यंजनांत आपली चैन आहे. इटालियन ‘त’ आणि ‘द’ दातांवरचे, अगदी आपल्यासारखे. पास्ता, लात्ते, रिसोत्तो. यात कुठेही ‘ट’ नाही. क, त, प म्हणताना ‘ह’ची फुंकर नको, आणि ‘र’ नीट घोळवायचा. हे तिन्ही आपल्याला आयतंच येतं.

मराठीचा सगळ्यात मोठा फायदा ‘झेड’ला होतो. आपल्याकडे ‘च’ दोन आहेत, ‘चहा’तला आणि ‘चोर’मधला. ‘ज’ही दोन, ‘जीव’मधला आणि ‘जग’मधला. इटालियनमध्ये हे चारही आवाज आहेत. ग्रात्सिए, पीत्सा, स्तात्स्योने (स्टेशन) यांत ‘चोर’चा च. द्झेरो (शून्य), द्झाईनो (पाठीवरची सॅक), मेद्द्झो (अर्धा) यांत ‘जग’चा ज. ‘चहा’चा च आणि ‘जीव’चा ज हे ‘सी’ आणि ‘जी’ या अक्षरांपुढे ‘ई’ (e) किंवा ‘आय’ (i) आलं की मिळतात: चेना (रात्रीचं जेवण), चिट्टा नव्हे तर चित्ता (शहर, आघात शेवटच्या ‘ता’वर), जेलातो. बाकीच्या स्वरांपुढे तीच अक्षरं ‘क’ आणि ‘ग’ होतात: कासा (घर), गात्तो (मांजर).

‘एच’ला स्वतःचा आवाज नाही. त्याचं काम एकच, ‘ई’ आणि ‘आय’च्या आधी ‘क’ आणि ‘ग’ कडक ठेवणं. स्पागेत्तीमध्ये एच आहे म्हणून ‘गे’, तो काढला तर ‘स्पाजेत्ती’ होईल. हॉटेलांत सर्रास ऐकू येणारं ‘ब्रुशेटा’ खरं ‘ब्रुस्केत्ता’ आहे, तेही याच एचमुळे. मात्र ‘एस-सी’पुढे एच नसताना ‘ई’ किंवा ‘आय’ आलं तर ‘श’: पेश्शे म्हणजे मासा. तिथेच पुढे ‘ए’ (a) आला की पेस्का, म्हणजे पीच हे फळ. शाकाहाऱ्यांनी हा फरक पक्का करावा.

‘जी-एन’ म्हणजे ‘कन्या’तला न्य: बान्यो (बाथरूम), सिन्योरा. ‘जी-एल-आय’ म्हणजे ‘कल्याण’मधला ल्य: फामील्या. इतकं सोपं.

जोडव्यंजनं मात्र मनावर घ्या. ‘हला’ आणि ‘हल्ला’, ‘मका’ आणि ‘मक्का’ यांत आपण गफलत करत नाही; तोच कान इथे लावायचा. नोनो म्हणजे नववा, नोन्नो म्हणजे आजोबा. सेते म्हणजे तहान, सेत्ते म्हणजे सात. कापेल्लो म्हणजे केस, काप्पेल्लो म्हणजे टोपी. वय सांगताना तर फारच जपून: ‘ओ त्रेन्तान्नी’ म्हणजे मी तीस वर्षांचा आहे. त्यातला ‘न्न’ एकेरी झाला तर वाक्य वय सोडून शरीराच्या अशा भागाकडे वळतं की समोरचा हसू दाबत बसतो.

आता आपल्या दोन कमकुवत जागा. पहिली ‘व’. मराठी ‘व’ ओठांत सैल असतो. इटालियन ‘वीनो’मधला ‘व’ खालच्या ओठावर वरचे दात टेकवून, थरथर जाणवेल असा काढायचा. दुसरी आघात. मराठीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्याला तो ऐकूच येत नाही. इटालियनमध्ये बहुतेक वेळा तो शेवटून दुसऱ्या अवयवावर असतो: मि-ला-नो मध्ये ‘ला’वर. शेवटच्या अवयवावर असेल तर लिहिताना त्या स्वरावर चिन्ह देतात, जसं काफ्फे. त्रास देतात ते शेवटून तिसऱ्यावर आघात असलेले शब्द: नापोली मध्ये ‘ना’वर, ताव्होलो (टेबल) मध्ये ‘ता’वर, तेलेफोनो मध्ये ‘ले’वर. याला नियम नाही. नवा शब्द वहीत लिहिताना जोराच्या स्वराखाली रेघ मारा. ही सवय लागली नाही तर पुढे दुरुस्ती फार जड जाते.

शेपटाकडे बघा

इटालियनमध्ये लिंगं दोनच. तीन लिंगांत वाढलेल्या माणसाला ‘टेबल पुल्लिंगी का?’ हा प्रश्न पडत नाही, आणि पडूही नये. नियम छोटा आहे (इथले स्वर उच्चाराप्रमाणे दिलेत). ‘ओ’ने संपणारं नाम बहुधा पुल्लिंगी, अनेकवचन ‘ई’: लीब्रो, लीब्री (पुस्तक, पुस्तकं). ‘आ’ने संपणारं स्त्रीलिंगी, अनेकवचन ‘ए’: कासा, कासे. ‘ए’ने संपणारं कुठल्याही लिंगाचं, अनेकवचन ‘ई’: काने, कानी (कुत्रा, कुत्रे) पुल्लिंगी, पण नोत्ते, नोत्ती (रात्र, रात्री) स्त्रीलिंगी.

विशेषण नामाच्या मागे मागे जातं. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मुलगे, चांगल्या मुली. तसंच ब्रावो रागात्सो, ब्रावा रागात्सा, ब्रावी रागात्सी, ब्रावे रागात्से. आणि आपल्या ‘लाल’, ‘सुंदर’सारखी न बदलणारीही आहेत, निदान लिंगाप्रमाणे: ‘वेर्दे’ (हिरवा, हिरवी) दोन्हीकडे तेच, फक्त अनेकवचनात ‘वेर्दी’.

अपवाद येतील तसे पाठ करा. ‘मानो’ (हात) ‘ओ’ने संपूनही स्त्रीलिंगी. ‘प्रोब्लेमा’ ‘आ’ने संपूनही पुल्लिंगी. आणि अंडं तर बहुरूपीच: एक असेल तर ‘वोवो’, पुल्लिंगी, दोन झाली की ‘वोवा’, स्त्रीलिंगी.

उपपदं: इथे घाई करू नका

मराठीत उपपदच नाही, त्यामुळे आपण ते खुशाल विसरतो. इटालियनमध्ये नाम बोडकं फार कमी फिरतं. पुल्लिंगी एकवचनाला ‘इल’: इल लीब्रो. पण शब्द ‘झेड’ने किंवा एस अधिक व्यंजनाने सुरू होत असेल तर ‘लो’: लो द्झाईनो, लो स्तुदेन्ते. स्त्रीलिंगीला ‘ला’. स्वराआधी ‘लो’ आणि ‘ला’ दोघांचाही स्वर गळतो: लामीको (मित्र), लामीका (मैत्रीण). अनेकवचनात ‘इल’चं ‘ई’, ‘लो’चं ‘ल्यी’, ‘ला’चं ‘ले’.

हे तक्त्यावरून पाठ करून येत नाही. उपाय एकच: नाम कधीही एकटं लिहायचं नाही. वहीत ‘कासा’ नाही, ‘ला कासा’. ‘द्झुक्केरो’ नाही, ‘लो द्झुक्केरो’ (साखर). काही आठवड्यांनी चुकीचं उपपद कानालाच खटकायला लागतं.

‘माझा’च्या आधीही उपपद येतं: इल मियो लीब्रो, ला मिया कासा. जवळच्या नात्यांत मात्र एकवचनात ते गळतं: मिया माद्रे (माझी आई), मियो पाद्रे. घरच्या माणसांना तेवढी सूट.

क्रियापद चालवणं

मराठीत ‘जातो’, ‘येतेस’ एवढ्यावर भागतं, ‘मी’ आणि ‘तू’ म्हणायची गरज नसते. इटालियनही तशीच. ‘पार्लारे’ (बोलणे) असं चालतं: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो. मी, तू, तो-ती, आम्ही, तुम्ही, ते-त्या. शेवटच्या रूपात आघात पहिल्या ‘पार्’वर, हे विसरू नका. वर्तमानकाळात ‘बोलतो’ आणि ‘बोलते’ असा भेद नाही, म्हणजे मराठीपेक्षा काम कमीच.

सर्वांत आधी दोन क्रियापदं झोपेतही यायला हवीत. असणे: सोनो, सेई, ए, स्यामो, स्येते, सोनो. जवळ असणे: ओ, आई, आ, आब्ब्यामो, आवेते, आन्नो. त्यानंतर जाणे आणि करणे ही दोन अनियमित, मग ‘आरे’, ‘एरे’, ‘ईरे’ अशा तीन नियमित गटांचा वर्तमानकाळ. पहिल्या तीन महिन्यांत एवढं पुष्कळ झालं.

‘जवळ असणे’ इथे मराठी थोडी फसवते. आपल्याला भूक ‘लागते’, थंडी ‘वाजते’, झोप ‘येते’. इटालियन माणसाकडे हे सगळं ‘असतं’: ओ फामे, ओ फ्रेद्दो, ओ सोन्नो. वयसुद्धा असंच.

मला आवडतं

‘मी प्याचे इल काफ्फे’. यातला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. मला कॉफी आवडते. पुस्तकं आवडत असतील तर ‘मी प्याच्चोनो ई लीब्री’: मला पुस्तकं आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, माणूस चतुर्थीत बसून राहतो. ‘आ मिया माद्रे प्याचे इल ते’: माझ्या आईला चहा आवडतो. शब्दाला शब्द लावून बघा. इंग्रजीतून शिकणारे या एका क्रियापदाशी महिनोन्‌महिने झगडतात. आपण ते पाच मिनिटांत उरकून पुढे जायचं. ‘मी सेम्ब्रा’ (मला वाटतं) आणि ‘मी सेर्वे’ (मला लागतं) ही त्याच घरातली भावंडं.

भूतकाळ: तो गेला, त्याने खाल्लं

रोजच्या बोलण्यातला भूतकाळ दोन शब्दांचा असतो. काही क्रियापदं ‘असणे’ घेतात: सोनो आन्दातो, मी गेलो, सोनो आन्दाता, मी गेले. बोलणारा पुरुष की बाई ते मराठीसारखंच कळतं. बाकीची ‘जवळ असणे’ घेतात: ओ मान्जातो, मी खाल्लं.

कुठलं क्रियापद कुठे जातं याची यादी पाठ करण्याआधी मराठीची परीक्षा लावून पाहा. ‘तो गेला, आला, पोहोचला, निघाला, परतला, जन्मला, मेला’: इथे ‘ने’ नाही, इटालियनही ‘असणे’ घेते. ‘त्याने खाल्लं, वाचलं, विकत घेतलं, पाहिलं’: इथे ‘ने’ आहे, इटालियन ‘जवळ असणे’ घेते. पुढे तर अजून गंमत आहे. ‘ला मेला? लो मान्जाता.’ सफरचंद? ते खाल्लं. (इथलं ‘लो’ उपपद नाही; ‘ते’ अर्थाचं सर्वनाम आणि ‘ओ’ मिळून झालंय.) सफरचंद त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, म्हणून ‘मान्जाता’. ‘इल जेलातो? लो मान्जातो.’ कर्म आधी सर्वनाम म्हणून आलं की क्रियापद कर्माचं लिंग घेतं, आपल्या ‘पोळी खाल्ली, आंबा खाल्ला’सारखं. फक्त कर्म नाम म्हणून नंतर आलं की रूप बदलत नाही: ओ मान्जातो ला मेला.

परीक्षा चुकते तीही ठिकाणं सांगून ठेवतो. झोपला, हसला, रडला, चालला, बोलला, शिकला यांना मराठीत ‘ने’ नसला तरी इटालियनमध्ये ‘जवळ असणे’च लागतं. आणि उठणे, आंघोळ करणे अशा स्वतःवरच्या क्रियांना नेहमी ‘असणे’.

अरे-तुरे की अहो-जाहो

ओळखीच्यांना, मुलांना, समवयस्क विद्यार्थ्यांना ‘तू’. हो, तोच ‘तू’. दुकानदार, डॉक्टर, प्राध्यापक, सरकारी खिडकीतला माणूस, वयस्कर शेजारीण यांना ‘लेई’, आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनात. ‘लेई’चा दुसरा अर्थ ‘ती’ असला तरी पुरुषालाही लेईच म्हणतात. ‘कसा आहेस’ म्हणजे ‘कोमे स्ताई’, ‘कसे आहात’ म्हणजे ‘कोमे स्ता’. माफ कर ‘स्कूझा’, माफ करा ‘स्कूझी’. ‘चाओ’ फक्त ‘तू’वाल्यांना. अनोळखी माणसाला ‘ब्वोनजोर्नो’, संध्याकाळी ‘ब्वोनासेरा’, आणि ठरत नसेल तर मधला मार्ग ‘साल्वे’.

समोरचा ‘पोस्स्यामो दार्ची देल तू?’ म्हणाला तर तो अरे-तुरेवर यायचं विचारतोय. मोठ्याने विचारावं, लहानाने वाट पाहावी, हा संकेत तिकडेही आहे.

बारमध्ये, ताटावर, फलाटावर

इटलीतला बार म्हणजे सकाळची कॉफी पिण्याची जागा. ‘वोर्रेई उन काफ्फे, पेर फावोरे’ म्हटलं की एस्प्रेसोच येतो. नुसतं ‘लात्ते’ मागितलंत तर दूध मिळेल. गर्दीच्या बारमध्ये, विशेषतः स्टेशनवर, आधी गल्ल्यावर पैसे भरून ‘स्कोन्त्रीनो’ म्हणजे पावती घ्यायची आणि ती काउंटरवर दाखवायची. उभ्याने प्यायलात तर टेबलापेक्षा स्वस्त पडतं.

शाकाहारी असाल तर ‘सोनो वेजेतार्यानो’ (बाईने ‘वेजेतार्याना’) एवढ्यावर थांबू नका. ‘सेन्त्सा कार्ने ए सेन्त्सा पेश्शे’, मांस आणि मासा नको, हेही सांगा. रिसोत्तो किंवा सूपबद्दल ‘चे इल ब्रोदो दी कार्ने?’ विचारा, कारण मांसाचं पाणी अनेकांच्या हिशेबात मांस नसतं. पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) बनतं, कडक शाकाहाऱ्यांनी ते टाळावं. आणि ‘पेपेरोनी’ पाहून घाबरू नका, ती ढोबळी मिरची आहे.

छोटे शब्द बोलण्याला जान आणतात. कुणाच्या घरात शिरताना किंवा गर्दीतून वाट काढताना ‘पेर्मेस्सो’. ‘बो’ म्हणजे काय की बुवा. ‘दाई’ म्हणजे चल, हो की. ‘माग्गारी’ नाही, ‘मागारी’ म्हणजे तसं झालं तर काय हवं! आणि अडलात की ‘प्यू प्यानो, पेर फावोरे’: जरा हळू.

आकडे मोजताना कान टवकारा: सेई, सेत्ते, ओत्तो, नोवे. फ्लोरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती १५८० च्या दशकात कोची आणि गोव्यात होता. इटालियन आकड्यांचं आणि ‘दीओ’ (देव), ‘सेर्पे’ (सर्प) या शब्दांचं संस्कृतशी असलेलं साम्य त्याने तेव्हाच पत्रातून घरी कळवलं होतं. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. वीसच्या पुढे मराठीपेक्षा सोपं, दशक आधी आणि एकक नंतर: वेन्तूनो, वेन्तिदूए. एकोणतीस-एकोणचाळीसची भानगड नाही.

फलाटावर कानावर पडणारी एक घोषणा घ्या: ‘आत्तेन्त्स्योने! आल्लोन्तानार्सी दाल्ला लीनेआ जाल्ला.’ लक्ष द्या, पिवळ्या रेषेपासून दूर राहा. यात ‘चोर’चा च आहे. चार जोडव्यंजनं आहेत. ‘दा’ आणि ‘ला’ चिकटून झालेलं ‘दाल्ला’ आहे, आपल्या ‘रेषेपासून’सारखं. ‘लीनेआ’ स्त्रीलिंगी म्हणून ‘जाल्लो’चं ‘जाल्ला’ झालंय. अशी एक-एक खरी वाक्यं सुटी करून, पुन्हा जोडून, मोठ्याने म्हणणं हा मला माहीत असलेला सर्वांत कामाचा अभ्यास आहे. रोज अर्धा तास. त्यातली दहा मिनिटं इटालियन रेडिओ लावून कळो न कळो ऐकायचं, दहा मिनिटं एखादं वाक्य ऐकून त्याच चालीत म्हणायचं, उरलेल्या वेळात क्रियापदं. अ‍ॅपवर हिरव्या खुणा गोळा करण्यापेक्षा याने पुढे लवकर जाता येतं.

संशयार्थी रूपं, दूरचा भूतकाळ, बोलीभाषा, उघडा आणि मिटलेला ‘ए’ हे सगळं सध्या बाजूला ठेवा. तो ‘ए’ तर मिलान आणि नेपल्सचे लोकही वेगवेगळा म्हणतात.

परीक्षा द्यायची असेल तर तीन नावं लक्षात ठेवा: सिएनाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठाची चिल्स, पेरूजाच्या तशाच विद्यापीठाची चेली आणि १८८९ मध्ये स्थापन झालेल्या दान्ते आलिगिएरी संस्थेची प्लीदा. दीर्घ मुदतीच्या निवास परवान्यासाठी ए-२ पातळी लागते (युरोपात भाषेच्या पातळ्या ए-१ ते सी-२ अशा मोजतात). विवाहाने किंवा वास्तव्याने नागरिकत्व मागणाऱ्यांसाठी डिसेंबर २०१८ पासून बी-१. परीक्षा वर्षातून ठरावीक तारखांनाच होतात, म्हणून अर्जाची मुदत बघून त्याच्या आधीची तारीख धरा आणि अभ्यास तिथून मागे मोजा.